चषक कोणाचा?

स्नेहसंमेलनाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या शाळेत एक ठरलेले काम असते. मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेचे कपाट उघडावयाचे, त्यातील ढाली व चषक बाहेर काढावयाचे, पितळेस चिंच लावावयाची, चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तू रिठ्याच्या पाण्याने हलक्या हाताने पुसावयाच्या आणि साऱ्या सभामंडपातील टेबलावर मांडावयाच्या. यंदा हे काम आठवीच्या मुलांकडे होते. कपाटातील आंतरशालेय कबड्डीचा फिरता चषक संमेलन आटोपताच दुसऱ्या शाळेच्या स्वाधीन करावयाचा होता, हे त्यांना ठाऊक होते. चषक पुसता पुसता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपण दोन वर्षे जिंकलेला चषक परत का द्यायचा? जिंकला म्हणजे तो आपलाच झाला ना?"

आम्ही काही बोलणार, तोच दुसऱ्याने चषकाच्या लाकडी बैठकीवर बोट ठेवले. बैठकीभोवती बसविलेल्या लहान लहान पट्ट्यांवर वर्ष, शाळा व संघनायक यांची नावे कोरलेली होती. मात्र एक पट्टी कोरीच राहिली होती. "सर, या वर्षी कोण जिंकले होते?" आम्हांस ते सांगता येईना. ते वर्ष आमच्याच शाळेचे होते, एवढेच आठवत होते. नाव कोरून घेण्याचे काम त्या वर्षी आमच्याकडे होते आणि ते आमच्या हातूनच राहून गेले होते.

दोन्ही प्रश्न मनात घेऊन आम्ही घरी आलो. विचार करताना आम्हांस पूर्वी वाचलेल्या एका दूरदेशीच्या खेळाची आठवण झाली. बक्षीस म्हणजे काय, ते कोणाचे असते आणि त्यावर नाव कशासाठी कोरावयाचे, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्या एका खेळाच्या इतिहासात सापडतात. म्हणून विद्यार्थी मित्रांपुढे ती कथा ठेवीत आहोत.

खेळाची ओळख

या खेळाचे नाव कर्लिंग. त्याची जन्मभूमी स्कॉटलंड. आपण गोवेकर बर्फ पाहतो तो पणजीच्या वा मडगावच्या बाजारात मासळीच्या पेट्यांवर घातलेला, किंवा उसाच्या रसात टाकलेला. परंतु स्कॉटलंडमध्ये कडक हिवाळा पडला म्हणजे तळ्याचे पाणी वरून गोठून जाते आणि त्याचे जणू दगडी अंगण बनते. त्या अंगणावर हा खेळ जन्मास आला.

कॅरम खेळणाऱ्या मुलांना तो समजावयास मुळीच अवघड नाही. सुमारे १५० फूट लांबीच्या बर्फाच्या पट्टीच्या टोकाशी वर्तुळे आखलेली असतात. त्यांना 'घर' म्हणतात. प्रत्येक संघात चार खेळाडू. प्रत्येकाने दोन दोन दगड दुरून घराच्या मध्याकडे सरकवावयाचे. आपला दगड मध्याजवळ न्यावयाचा, तेथे असलेला प्रतिपक्षाचा दगड धक्का देऊन दूर लोटावयाचा, किंवा आपल्या दगडापुढे दुसरा दगड पहाऱ्यास बसवावयाचा, असे हे डावपेच. सोळाही दगड टाकून झाले की ज्या पक्षाचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ असेल, त्यालाच त्या डावाचे गुण मिळतात. दगड चपटा, वाटोळा व वर मूठ बसविलेला असून त्याचे वजन १७ ते २० किलो असते. सोडताना मुठीला किंचित पीळ दिला म्हणजे तो सरळ न जाता वळण घेत जातो.

नवख्या प्रेक्षकास या खेळात सर्वांत गंमत वाटते ती झाडूची. दगड सरकू लागला की त्याच्याच संघातील दोघे जण हातात झाडू घेऊन त्याच्यापुढे धावतात व बर्फ जोराने घासतात. घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित ऊब धरतो, घर्षण कमी होते आणि दगड अधिक दूर व अधिक सरळ जातो. एकाने टाकलेला दगड दुसऱ्या दोघांच्या श्रमाने मुक्कामास पोहोचतो, हे या खेळाचे वैशिष्ट्य होय.

भेट, पीठ आणि पदक

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग शहराच्या संग्रहालयात एक जुना दगड जपून ठेवला आहे. त्याच्या एका बाजूस १५११ हे वर्ष कोरलेले आहे. दुसऱ्या बाजूस 'भेट' या अर्थाचे शब्द आहेत. या खेळाच्या अत्यंत जुन्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या दगडावर 'जिंकला' असे न लिहिता 'दिला' असे लिहिलेले असावे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

पुढे गावोगाव या खेळाची मंडळे निघाली. त्या काळी एका गावाने दुसऱ्या गावाशी सामना लावला की पैज असे, पण पुष्कळदा ती सोन्यानाण्याची नसे. हरणाऱ्यांनी गावातील गरिबांसाठी ओटचे पीठ द्यावयाचे, अशी ती पैज असे. कडक थंडीत शेतीची व बांधकामाची कामे बंद पडत, मजुरांच्या चुली थंडावत. जी थंडी खेळाडूंना खेळ देई तीच गरिबांची मजुरी बुडवी. म्हणून खेळाच्या आनंदातील वाटा त्यांच्या घरी पोहोचवावयाचा, अशी ती रीत होती. चांदीच्या चषकावर ज्यांची नावे चढली त्यांच्याइतकीच त्या पिठाच्या पोत्यांचीही आठवण ठेवावयास हवी.

१८३८ साली एडिंबरो येथे निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी 'ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब' ही मध्यवर्ती संस्था स्थापिली. कॅलेडोनिया हे स्कॉटलंडचे जुने नाव. संस्थेचे पहिले अध्यक्ष जॉन केर्नी हे शल्यवैद्य होते. खोल तळे गोठण्याची वाट न पाहता लवकर खेळता यावे म्हणून त्यांनी १८२८ सालीच आपल्या घरापाशी पाण्याचा पातळ थर गोठविण्याजोगे उथळ कृत्रिम मैदान तयार केले होते. १८४२ साली राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स आल्बर्ट स्कोन येथील राजवाड्यात उतरली असता तेथील गुळगुळीत लाकडी जमिनीवर त्यांना हा खेळ दाखविण्यात आला. दुसऱ्या वर्षी संस्थेच्या नावात 'रॉयल' हा शब्द आला.

या संस्थेने दोन गोष्टी अगदी आरंभापासून केल्या. पहिली म्हणजे, शेजारच्या क्लबांनी परस्परांशी खेळावे म्हणून तिने पदके द्यावयास सुरुवात केली. पदक लहानसे असे. परंतु त्याच्या निमित्ताने दोन गावांची माणसे वर्षातून एकदा तरी एकाच बर्फावर उभी राहत. दुसरी गोष्ट म्हणजे, १८३९ पासून तिने आपले वार्षिक प्रसिद्ध केले. कोणते क्लब, त्यांचे सभासद कोण, कोणता सामना कोणी जिंकला, याची नोंद त्यात होऊ लागली. धातू झिजतो, पदके हरवतात. पण छापलेली नोंद अनेक घरी राहते. संस्थेच्या दूरदृष्टीचे हे लक्षण मानावे लागेल.

१८८८ साली संस्थेस पन्नास वर्षे झाली, तेव्हा तिला एक अवाढव्य जुना दगड भेट मिळाला. त्याचे वजन ११७ पौंड, म्हणजे सुमारे ५३ किलो. आजचा दगड एका हाताने सरकवता येतो. पूर्वीचे गडी कसे असतील याची कल्पना त्या एका दगडावरून करावी.

समुद्रापार जाणारा चषक

स्कॉटलंडमधून पोट भरण्यासाठी कॅनडात गेलेल्या लोकांनी आपल्याबरोबर हा खेळही नेला. माँट्रिऑल येथे १८०७ सालीच त्यांचा क्लब निघाला होता. माणसे आपला गाव सोडून जातात तेव्हा देव्हारा, भाषा व गाणी बरोबर नेतात, हे आपणांस नवे नाही. महाराष्ट्रापासून दूर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे नांदणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेच केले. स्कॉटिश लोकांनी बरोबर नेलेल्या ठेव्यात हा खेळ होता, इतकेच.

१९०२ साली स्कॉटलंडच्या खेळाडूंचा पहिला संघ समुद्र ओलांडून कॅनडास निघाला. त्या दौऱ्याच्या निमित्ताने १९०३ साली लॉर्ड स्ट्रॅथकोना यांनी एक चषक दिला. हे गृहस्थ मूळचे डोनाल्ड स्मिथ, स्कॉटलंडमध्ये जन्मलेले. तरुणपणी ते कॅनडात व्यापारी कंपनीच्या नोकरीस गेले, पुढे रेल्वेच्या उभारणीत अग्रेसर झाले, आणि १८८५ साली कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा अखेरचा खिळा ठोकण्याचा मान त्यांना मिळाला. दोन किनाऱ्यांना लोहमार्गाने जोडणाऱ्या या माणसाने दोन देशांना चषकाने जोडावे, हे त्याच्या आयुष्यास साजेसेच झाले.

स्ट्रॅथकोना चषकासाठी काही वर्षांच्या अंतराने कधी स्कॉटिश खेळाडू कॅनडास जातात, कधी कॅनडाचे खेळाडू स्कॉटलंडला येतात. दौऱ्यातील साऱ्या सामन्यांच्या गुणांची बेरीज करून जय ठरवितात. एखादा श्रेष्ठ खेळाडू एकट्याच्या बळावर हा चषक जिंकू शकत नाही. दूरच्या लहान गावी झालेल्या सामन्यातील एक गुणही बेरजेत तितकाच मोलाचा ठरतो. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. हा चषक जिंकणाऱ्याने आपल्या कपाटात कायमचा कोंडून ठेवला असता, तर पुढील दौरा कशासाठी निघाला असता? फिरता चषक परत द्यावा लागतो म्हणूनच पुन्हा भेट होते. तो विजयाची खूण तर आहेच, पण पुढच्या भेटीचे निमंत्रणही आहे.

नाव मालाचे, मान खेळाडूंचा

विसाव्या शतकात या कथेत व्यापार आला. कॅनडातील मॅक्डोनाल्ड या तंबाखू कंपनीने आपल्या 'ब्रायर' नावाच्या तंबाखूची जाहिरात व्हावी म्हणून १९२७ साली टोरांटो येथे साऱ्या देशाची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. बक्षीस म्हणून झाकणाच्या पेल्याच्या घाटाचा एक चषक ठेवला. पहिल्या वर्षी तो मरे मॅक्नील यांच्या नायकत्वाखाली हॅलिफॅक्सच्या खेळाडूंनी, म्हणजे नोव्हा स्कोशिया प्रांताने, जिंकला. महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे सोडली तर स्पर्धा पुढे अखंड चालू राहिली. ब्रायर हा शब्द उच्चारला की कॅनडातील खेळाडूंना तंबाखू आठवेनासा झाला. आठवू लागला तो खेळ.

१९७९ च्या स्पर्धेनंतर तंबाखू कंपनी बाजूस झाली. १९८० साली एक मद्य कंपनी पुढे आली व तिने जुना पेला बाजूला ठेवून आपला नवा चषक आणला. नवा चषक मोलाने काही उणा नव्हता. परंतु आजोबांचे, काकांचे, गावच्या नायकाचे नाव होते ते जुन्यावर. २००१ साली आश्रयदाता पुन्हा बदलला, तेव्हा जुना पेला सन्मानाने परत आणण्यात आला. ज्या कंपनीने तो दिला ती निघून गेली होती, तरी तो तिच्याबरोबर गेला नाही. दोन दशके अडगळीत पडूनही त्याची किंमत कमी झाली नाही, कारण ती किंमत चांदीची नव्हतीच.

जागतिक अजिंक्यपदाचीही कथा अशीच आहे. १९५९ साली स्कॉटलंड व कॅनडा यांच्या विजेत्या संघांत 'स्कॉच कप' नावाची स्पर्धा सुरू झाली. तिचे नावच व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी ठेवलेले होते. एर्नी रिचर्डसन यांच्या संघाने, ज्यात त्यांचे भाऊ व चुलतभाऊ खेळत, तो चषक १९५९, १९६०, १९६२ व १९६३ असा चार वेळा कॅनडास मिळवून दिला. १९६८ पासून १९८५ पर्यंत एका विमान कंपनीच्या आश्रयाखाली याच अजिंक्यपदासाठी 'चांदीचा झाडू' हे बक्षीस होते. झाडूचे बक्षीस म्हटल्यावर कोणास हसू येईल. पण महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणीलाही हळदकुंकू वाहतात, हे ज्यांना ठाऊक आहे ते हसणार नाहीत. ज्या साधनाने श्रम केले त्याचाच मान करावयाचा, ही भावना दोन्हीकडे एकच आहे.

तंबाखू व मद्य यांच्या जाहिरातीसाठी खेळाचा उपयोग व्हावा हे आम्हांस मुळीच रुचत नाही, आणि विद्यार्थ्यांनीही या बाबतीत डोळस राहावे. तथापि इतिहास असे सांगतो की, देणाऱ्याचा हेतू कोणताही असो, प्रामाणिकपणे खेळणाऱ्यांच्या हाती पडल्यावर बक्षिसाला वेगळाच अर्थ येतो. या खेळातील एक रीत येथे नमूद करावीशी वाटते. सरकत्या दगडाला आपला झाडू वा पाय चुकून लागला, तर तो दगड 'जळला' असे म्हणतात. पंचाने पाहिले असो वा नसो, ज्याच्या हातून चूक झाली त्याने आपण होऊन ती सांगावी, हा या खेळाचा धर्म आहे.

उशिरा मिळालेले पदक

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, कोऱ्या पट्टीकडे वळू. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे हिवाळी ऑलिंपिक क्रीडा झाल्या. त्यांत कर्लिंगची स्पर्धा होती आणि ब्रिटनच्या वतीने खेळणाऱ्या स्कॉटिश संघाने ती जिंकली. त्या संघात विली जॅक्सन व लॉरेन्स जॅक्सन हे पितापुत्र होते. परंतु ती स्पर्धा केवळ प्रदर्शनासाठी होती, असा समज पुढे रूढ झाला व विजेत्यांची नावे अधिकृत यादीत मानली जाईनात. १९९८ साली जपानमधील नागानो येथे कर्लिंगचा ऑलिंपिकमध्ये रीतसर समावेश झाला, तेव्हा तोच या खेळाचा पहिला ऑलिंपिक प्रसंग असे पुष्कळांना वाटले. अखेर ग्लासगोच्या एका वृत्तपत्राने जुनी कागदपत्रे तपासून खेळाडूंच्या कुटुंबीयांच्या वतीने दाद मागितली आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९२४ चे ते पदक अधिकृत असल्याचे मान्य केले. मध्ये ८२ वर्षे उलटली होती. जिंकणाऱ्यांपैकी कोणीही ते ऐकावयास उरले नव्हते. ऐकली ती त्यांच्या मुलानातवंडांनी.

जिंकणे खेळाडूच्या हाती असते, नोंद ठेवणे इतरांच्या. पट्टी कोरी राहिली तर दोष जिंकणाऱ्याचा नसतो.

थंडीने द्यावयाचे बक्षीस

या कथेतील अखेरचे पान थोडे उदास आहे. १८४७ साली रॉयल क्लबने 'ग्रँड मॅच' म्हणजे महासामना सुरू केला. फोर्थ नदीच्या उत्तरेकडील क्लब एका बाजूस, दक्षिणेकडील दुसऱ्या बाजूस, आणि एकाच दिवशी एकाच तळ्यावर शेकडो खेळाडू. सरदार, शेतकरी, पाद्री, लोहार, सारे एका बर्फावर. या सामन्यासाठी पर्थशायरमधील कार्सब्रेक येथे क्लबने मोठे तळेच करविले व खेळाडूंसाठी तेथे रेल्वेने खास स्थानक ठेवले. १८५३ पासून १९३५ पर्यंत त्या तळ्यावर २५ वेळा महासामना झाला.

पण त्याची तारीख आधी ठरविता येत नाही. बर्फ पुरेसा जाड झाला की तातडीने निरोप जावयाचे व हातातील काम टाकून माणसे निघावयाची. १९३५ नंतर उघड्या तळ्यावरील महासामना १९५९, १९६३ व १९७९ असा तीनच वेळा होऊ शकला. १९७९ च्या फेब्रुवारीत मेंटीथच्या तळ्यावर दोन हजारांहून अधिक खेळाडू जमले होते. २०१० च्या जानेवारीत तळे पुन्हा गोठले, तयारी झाली, आशा पल्लवित झाल्या. परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव बेत सोडावा लागला. खेळ आता यंत्राने गोठविलेल्या बर्फावर छपराखाली चालतो व उत्तम चालतो. ग्लासगोजवळ असे सभागृह १९०७ सालीच उघडले होते. पण उघड्या आभाळाखालचा तो महासामना पृथ्वीचे तापमान वाढत असता पुन्हा केव्हा होईल, हे कोणी सांगावे? मानवाच्या हातून निसटलेला चषक पुढल्या वर्षी परत जिंकता येतो. निसटलेला हिवाळा तसा परत आणता येत नाही. तरीही दर कडक थंडीत स्कॉटलंडमधील वृद्ध खेळाडू तळ्याकडे आशेने पाहतात. बक्षीस मिळो न मिळो, आपण तयार असावे, ही वृत्ती आदरणीय नव्हे काय?

आपले कपाट

दुसऱ्या दिवशी आम्ही आठवीच्या वर्गात ही कथा सांगितली. प्रश्न विचारणारा विद्यार्थी क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे सर, चषक सांभाळायला मिळतो." आम्ही दोन तास खपून जे सांगितले ते त्याने एका वाक्यात आणले.

मग कोऱ्या पट्टीचा शोध सुरू झाला. मुलांनी ग्रंथालयातून जुने वार्षिक अंक काढले, धूळ झटकली आणि 'क्रीडावृत्त' या सदरातून त्या वर्षीच्या संघाची सातही नावे शोधली. संघनायक आज आपल्याच गावात दुकान चालवितात. दोन विद्यार्थी त्यांच्याकडे नाव पडताळून घेण्यास गेले, तेव्हा तराजू हातात तसाच धरून ते काही वेळ बोलेनात. मग एवढेच म्हणाले, "अजून कुणी विचारतं, हे मला ठाऊक नव्हतं." त्यांचे नाव आता पट्टीवर आहे. चषकाबरोबर ते दुसऱ्या शाळेत जाईल, तेथील मुलेही ते वाचतील. पट्टी कोरण्याचा खर्च आम्ही दिला. दंड म्हणा हवे तर.

विद्यार्थी मित्रहो, जिंकलात तर चषक उंच धरा, मनसोक्त आनंद करा. हरलात तर तो स्वच्छ पुसून, कोरी पट्टी न ठेवता, हसतमुखाने दुसऱ्याच्या हाती द्या. आणि हा अंक वाचून झाल्यावर रद्दीत घालू नका. कोणी सांगावे, आणखी पन्नास वर्षांनी आठवीतील एखादा मुलगा तुमचे नाव याच पानांत शोधीत असेल.